पाटाच्या वाटेवरचा डबलसीट

ऐका. आन् आधी त्या अभ्याला खाली बसवा. गाडीची किल्ली बोटात फिरवत उभ्या राहिलेल्या माणसाला मी गोष्ट सांगत नसतो. काय म्हणालास रे मघाशी? "नाना, पाटाच्या वाटेनं गेलं की कंपनी दहा मिनटात." दहा मिनटात म्हणं! अरे, तुझा आजा त्या वाटेनं भर दुपारी जाताना सुद्धा मोठमोठ्यानं खाकरत जायचा. बस. तुझी पाळी अकराची, आत्ता कुठं साडेनऊ झालेत. ती लाकडं जरा आत सारा, जाळ नीट होऊ दे. थंडी मी म्हणतीया.

तर ही गोष्ट सर्जेराव कुंभाराची. त्याचं पुढं काय झालं, ते शेवटी सांगीन. मधे विचारायचं न्हाई. मधे विचारलं की मी उठून घरी जातो, हे तुम्हाला ठावं हाय.

तेव्हा गावात फटफटी एकच, सरपंचाची. ती बी ढकलल्याबिगर चालू व्हायची न्हाई. आन् हणमंतपेठेच्या सूतगिरणीत जाणारी आपल्या गावची माणसं चाळीस-बेचाळीस, सगळी सायकलवर. माझं पंक्चरचं दुकान हितंच, ह्या पिठाच्या चक्कीला लागून. पाळीच्या आधी नुसती रांग! नाना हवा, नाना चेन, नाना ब्रेकचं रबर गेलं. अंधारात नुसती घंटी ऐकली तरी मी सांगायचो, हा कोण चालला ते. हसू नका, खरं सांगतो.

गिरणीला जायला वाटा दोन. हमरस्ता अकरा किलोमीटर, खिंडीला वळसा घालून. पाऊण तास लागायचा. आन् दुसरी ही पाटाची वाट, पाण्याच्या कडंकडंनं, सहा किलोमीटर. सपाट. पंचवीस मिनटं. दिवसा लोक जायचे त्या वाटेनं. पण दिवेलागण झाली की कुणी न्हाई. रात्रपाळीची माणसं दहाला हितनं घोळक्यानं निघायची आन् गुमान हमरस्ता धरायची.

आन् ह्या माणसांचा एक नियम व्हता. कुठं लिहिलेला न्हाई, पण कुणी मोडलेला बी न्हाई. वाटेत हातात डबा घेतलेला माणूस उभा दिसला आन् त्यानं हात केला, की थांबायचं. त्याला डबलसीट घ्यायचं. ओळख असो नसो. कुठल्या गावचा, कुणाचा कोण, काही विचारायचं न्हाई. का? तर पंक्चर कुणाची बी होते. आज तू त्याला सोडून गेलास तर उद्या तू उभा असशील, आन् पाळी चुकली तर पोटाला चिमटा बसतोय. चांगला नियम. लाखात एक नियम. पण त्याच नियमानं सर्जेरावला पार विहिरीच्या तोंडाशी नेला, बघा.

सर्जेराव तीन वर्षं बदलीवर व्हता. आता बदली म्हंजे काय ते ह्या पोरांना सांगायला पाहिजे. गिरणीत कायमचा माणूस आला न्हाई, तर त्याच्या जागी त्या रातीपुरता जो घ्यायचा, तो बदली. रोज डबा घेऊन गेटवर जायचं. जॉबर, म्हंजे खात्याचा मुकादम, यायचा आन् नावं पुकारायचा. पुकारलं तर आत, न्हाई तर डबा तसाच घेऊन घरी. तीन वर्षं! त्याचा सासरा तर चारचौघांत म्हणायचा, "जावई काय करत्यात? गेटावर उभं राहत्यात." सर्जेरावची बायको अनसूया खाली मान घालून ऐकायची. त्या माणसाला ते लई लागायचं. भाकरी गोड लागत न्हाई म्हणायचा.

आन् त्या थंडीत रिंग खात्यात, म्हंजे सूत कातायच्या खात्यात, एक जागा निघाली. कायमची. इलाहीभाई जॉबर म्हणून सोन्यासारखा माणूस व्हता, त्यानं सर्जेरावला बाजूला घेतलं. म्हणाला, "सर्जा, हे आठ दिवस मी तुला रोज पुकारतोय. एक खाडा करू नको. एक मिनिट उशीर करू नको. शनिवारी यादी लागती, तुझं नाव मी घातलंय. खाडा झाला तर सायेब नाव काटंल, मग माझ्या हातात काही न्हाई."

सात राती गडी वेळेच्या आधी अर्धा तास गेटवर. आठवी रात शुक्रवारची. आन् त्याच रातीला त्याच्या बापाचा आवा फुटला.

आवा म्हंजे कुंभाराची भट्टी रे. मडकी रचायची, वर राख-माती लिंपायची, आत जाळ. त्या रातीला एका अंगानं लिंपण उकललं आन् जाळ बाहेर. महिनाभराची मडकी आत. म्हातारा एकटा, डोळ्यानं अधू. सर्जेराव काय करंल? डबा ठेवला, चिखल कालवला, लिंपत बसला. जाळ दबला तेव्हा दहा वाजून वीस मिनटं झालेली. घोळका कवाच गेला.

मी दुकानाची फळी लावत व्हतो. आला धापा टाकत, हात कोपरापातूर चिखलानं भरलेले. "नाना, हवा मारा." मी मारली. टणक हवा, बोट दाबंना. विचारलं, "कुठनं जाणार रे?"

"हमरस्त्यानं," म्हणाला.

खोटं बोलला माझ्यापाशी! अरे हमरस्त्यानं पाऊण तास, म्हंजे अकरा पाच. गिरणीचा भोंगा तीनदा व्हायचा. साडेदहाला पहिला, अकराला दहा कमी असताना दुसरा, आन् अकराला तिसरा. तिसरा झाला की गेट बंद. मग आत कुणाला येऊ द्यायचं न्हाई. पाच मिनटांसाठी जल्माची नोकरी चालली व्हती त्याची. मला तेव्हाच कळायला पाहिजे व्हतं. असो.

तर निघाला. चावडीपाशी मागं वळून बघितलं, मी दिसतोय का. आन् घातली सायकल पाटावर.

गार वारं. पाण्यावर धुकं. डायनामो घर्र घर्र घर्र, पुढं दिव्याचा एवढासा गोल, बाकी सगळा काळाकुट्ट अंधार. गडी असला हाणतोय पायडल, असला हाणतोय! लांबनं पहिला भोंगा ऐकू आला. मनात म्हणाला, पोचतोय मी. पंधरा मिनटं हातात राहत्यात. पहिली मोरी गेली. दुसरी मोरी गेली. तिसऱ्या मोरीवर चौदा नंबरचा दगड हाय बघा, बाजूला वाकडी बाभळ. तिथं दिव्याच्या उजेडात एक माणूस उभा.

अंगावर घोंगडी. हातात डबा. आन् त्यानं हात केला.

आता तुम्ही म्हणाल, पळायचं की. तुमचं काय जातंय म्हणायला? सर्जेराव घाईत व्हता, पण मनात आलं, हा बी माझ्यासारखाच अडकलाय. ह्याचा बी खाडा होईल. ज्याला गेटवर उभं राहायचं दुःख ठावं, तो दुसऱ्याला वाटेवर उभा कसा सोडंल? थांबला. म्हणाला, "बसा लवकर, पावणं."

बसला तो. आन् ऐका, मी सायकलीतला माणूस हाय, मला ठावं. मागं डबलसीट बसला की मागचं चाक दबतं आन् पुढं हँडल हलकं पडतं. हितं काही न्हाई. पिसानं बसावं तसा बसला. सर्जेरावला वाटलं बसलाच न्हाई. मागं वळून विचारलं, "बसला न्हवं?"

"बसलो," म्हणाला. आवाज अगदी कानापाशी.

काय पोरी? पाय? उलटे व्हते का? अगं, घोंगडीखाली पाय दिसत्यात का कुणाचे? गप ऐक.

चालली सायकल. सर्जेरावनं आपलं बोलायचं म्हणून विचारलं, "कुठलं खातं?"

"रिंग."

"माझं बी रिंग. कधी दिसला न्हाई मला. बदली का?"

"बदली."

"कोण पुकारतो तुम्हाला?"

"दाजी जॉबर."

सर्जेराव दहा-वीस पायडल तसाच मारत राहिला. दाजी जॉबर, दाजी जॉबर... कुठं ऐकलंय? आन् मग आठवलं. ऐकलेलं न्हाई, बघितलेलं. गिरणीच्या कँटीनमधी भिंतीवर, हार घातलेल्या फोटोखाली लिहिलेलं नाव ते. दाजी जॉबर जाऊन बारा वर्षं झालेली.

मानेवरचा केस न् केस उभा राहिला. मागं बघायची छाती होईना. आन् तिथनं वजन वाढायला लागलं, बघा. आधी एक पोतं ठेवल्यागत. मग दोन. मग चार. चाक मडगार्डला घासायला लागलं, खर्र खर्र. मांड्या भरून आल्या, छाती भात्यागत वरखाली. घोंगडीतनं दोन हात दोन्ही बाजूनं पुढं आले आन् हँडलवर त्याच्या हातांशेजारी येऊन बसले. गार! पाटाच्या पाण्यातनं काढल्यागत गार.

"हाण," मागनं म्हणाला. "गेट बंद व्हतंय."

हाणतोय बिचारा. करतोय काय? आन् पुढं दिव्यात आली मोरी. मोरीवर दगड. दगडावर चौदा. शेजारी वाकडी बाभळ.

मनात म्हणाला, भास झाला. हाणली अजून जोरानं. दोन मोऱ्या गेल्या, मोजल्या त्यानं. आन् तिसरी आली. दगड. चौदा. बाभळ. पुन्हा हाणली, पुन्हा चौदा! चकवा रे, चकवा! चकवा लागला की माणूस घाण्याच्या बैलागत फिरतो, मरुस्तवर फिरतो, आन् त्याला वाटतं आपण पुढंच चाललोय.

तेवढ्यात दुसरा भोंगा झाला. कुठनं? डावीकडनं. गिरणी तर समोर पाहिजे! मग तोच भोंगा उजवीकडनं. मग मागनं, आपल्या गावाकडनं. सर्जेरावनं दोन्ही पाय खाली टेकले आन् सायकल थांबवली. चाक थांबलं. डायनामोची घरघर थांबली.

आन् दिवा चालूच.

कळतंय का तुम्हाला? अरे डायनामोचा दिवा तो! चाक फिरलं तर पेटणार, चाक थांबलं की विझणार, हे रांगतं लेकरू बी सांगंल. सायकल ठार उभी, आन् दिवा भगभग जळतोय. सर्जेराव म्हणायचा, नाना, त्या हातांनी भ्यालो न्हाई तेवढा मी त्या दिव्यानं भ्यालो.

टाकली त्यानं सायकल. पण पडली न्हाई ती. उभी राहिली, आपल्या आपण. आन् दिव्याचा उजेड पुढं पुढं गेला, लांब गेला, आन् त्या उजेडात काय दिसलं? गिरणीचं गेट. सताड उघडं. वरचा मोठा बल्ब. आपल्या गावच्या सायकली भिंतीला लावलेल्या. आपली माणसं आत चाललेली, एकमेकाच्या खांद्यावर हात टाकून. हाकेच्या अंतरावर गेट!

"पळ आता," तो म्हणाला. "चालत गेलास तरी पोचतोस."

सर्जेरावनं एक पाऊल टाकलं बी. आन् त्याला बापाचा शब्द आठवला. कुंभाराचं पोर ते, लहानपणी बापासंगट अंधारात माती आणायला जायचं गाढवं घेऊन. बाप सांगायचा, "चकवा लागला की गाढव बसतं, सर्जा. मारलं तरी उठत न्हाई. त्याला कळतं. माणूस तेवढा शहाणा, तो पळत राहतो. तशी येळ आली तर गाढवागत बसायचं. उजाडंस्तवर उठायचं न्हाई."

बसायचं म्हंजे? बसायचं म्हंजे खाडा! तीन वर्षं पाण्यात. समोर गेट उघडं दिसतंय, भोंग्याला पाच मिनटं हायेत, आन् बसायचं? अभ्या, तू बसला असतास का? खरं सांग. मी न्हाई बसलो असतो. मी पळालो असतो.

तो बसला. बाभळीच्या बुडाशी, मातीत, मांडी घालून. डोळ्यांतनं पाणी वाहतंय, आन् बसला.

मग त्या भुतानं जे चालवलं, बाबांनो! आधी गयावया. "ऊठ रे, तुझ्याबिगर मला आत घेत न्हाईत. बारा वर्षं हितं उभा हाय." मग शिव्या. आन् मग गेटातनं इलाहीभाईचा आवाज आला. हुबेहूब.

"सर्जेराव कुंभार."

पुकारा! तीनदा पुकारायची रीत व्हती, आन् तिसऱ्यांदा 'हाय' आलं न्हाई तर पुढचं नाव.

"सर्जेराव कुंभार, हाय का?"

तीन वर्षांची सवय ती. नाव ऐकलं की 'हाय' तोंडातनं आपसूक निघायचं. ओठावर आलं, बघा! त्यानं गळ्यातला टॉवेल कोंबला तोंडात. तर पाय उठाय लागले. मी खोटं सांगत न्हाई, तो बसलेला आन् पाय आपले आपण उभं राहायला बघतायत. सायकलीवर डबा बांधायला आम्ही सगळे फाटकी ट्यूब ठेवायचो, ती त्याच्या कंबरेला गुंडाळलेली व्हती. त्यानं ती सोडली, बाभळीला दोन वेढे दिले आन् स्वतःला आवळून टाकला. पाठीत काटे घुसले. बरं झालं म्हणाला, काटे खरे व्हते, त्यांच्या जिवावर शुद्धीत राहिलो.

"सर्जेराव कुंभार! नाव काटू का?"

टॉवेल दातात, डोळे गच्च मिटलेले. आन् झाला तिसरा भोंगा. लांबलचक. गेटाची दोन्ही फाटकं हळूहळू जवळ आली, उजेडाची एक चिरी राहिली, आन् ती बी गेली.

ढसाढसा रडला गडी. भुताच्या भीतीनं न्हाई. नोकरी गेली म्हणून. सांगायला लाज कसली त्यात? अनसूयाला काय तोंड दावू म्हणून रडला. आन् रडता रडता त्याला कळलं, की आपल्यासंगट आणखी कोणतरी रडतंय, अंधारात, पाण्याकडच्या बाजूला. मग ते बी थांबलं. दिवा विझला. सायकल धाडकन आडवी पडली.

उजाडलं तेव्हा डोळं उघडलं त्यानं. बघतो तर काय, समोर गेट न्हाई का काही न्हाई. पाट जिथं ओढ्याखालनं जातो ना, तिथली ती चौकोनी विहीर. तीन पुरुस पाणी, म्हंजे एकावर एक तीन माणसं बुडतील एवढं, आत भोवरा, कठडा कवाच ढासळलेला. सायकलचं पुढचं चाक काठाच्या बाहेर लोंबत व्हतं. आन् त्यानं रातीला जे एक पाऊल टाकलं व्हतं, ते मातीत उमटलेलं. तिथनं काठ चार पावलं. मोजून चार.

ट्यूब सोडली, सायकल ओढली, आन् तसाच गिरणीवर गेला चालत. सातला पाळी सुटत व्हती. इलाहीभाई बाहेर आला, ह्याच्याकडं बघितलं. चिखल, रक्त, डोळे सुजलेले. म्हणाला, "कुठनं आलास?"

"पाटानं."

"मोरीवर कोण भेटलं?"

सर्जेरावनं 'भेटला' म्हणून मान डोलावली. तेव्हा इलाहीभाईनं सांगितलं. दाजी जॉबरच्या काळात एक बदलीवाला धावतपळत त्या वाटेनं निघाला, तो गेटवर पोचलाच न्हाई. त्याच्यामागनं आणखी दोघं गेले. दोघांना बी गेट दिसलं असणार. दोघं बी पळाले असणार. "तू काय केलंस?"

"बसलो," म्हणाला सर्जेराव. "इलाहीभाई, नाव गेलं न्हवं माझं?"

"गेलं," इलाहीभाई म्हणाला. "दुसऱ्याचं लागलं. मी तीनदा पुकारलं तुला." आन् त्यानं त्याला पोटाशी धरला, सगळ्या पाळीसमोर. "पण लेका, गेट काय, आज रातीला पुन्हा उघडंल. तू बसलास ते बरं केलंस."

दुपारी सायकल माझ्याकडं आली. मागची रिम अशी बसलेली, अशी, जणू तिच्यावरनं बैलगाडी गेली. नऊ तारा तुटलेल्या. मी ह्या हातांनी ते चाक सरळ करायला बघितलं, झालं न्हाई. घरी अनसूयाला सगळं कळलं तेव्हा ती नोकरीचं एक अक्षर बोलली न्हाई. पाठीतले काटे काढत बसली संध्याकाळपातूर, आन् एकेक काटा काढताना त्याला शिव्या देत व्हती.

झाला, कायम झाला की. सव्वा वर्षानं झाला. सासरा तवर गेला, त्याला ते बघायला मिळालं न्हाई, सर्जेरावला ती एक हळहळ राहिली. पुढं तीस वर्षं नोकरी केली, आता लेकीकडं असतो पेठेत, नातवंडं खेळवतो. रोज हमरस्त्यानं गेला. रोज. उशीर झाला त्या रातीला घरी झोपला.

आता अभ्या, तुला सांगायचं ते एवढंच. पाटाची वाट आता डांबरी झाली म्हणतोस, लाईटचे खांब लागलेत म्हणतोस. लागू देत. उजेडाचं मला सांगू नको, त्या रातीला बी उजेड व्हताच. कंपनीत उशिराचा शेरा पडंल, सुपरवायझर शिव्या देईल, एक दिवसाचा पगार जाईल. जाऊ दे. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायला माणूस शिल्लक पाहिजे. त्या वाटेला अंधार पडल्यावर पाय लावायचा न्हाई, कितीबी उशीर झाला तरी न्हाई.

ऊठ, दहा वाजत आले. आत्ता निघालास तर हमरस्त्यानं आरामात पोचशील. आन् पोचलास की आईला फोन कर. ती जागी असती तवर मी बी जागाच असतो.